रस्त्यावरची मांजरीची पिल्लं: बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की फोन सुरू होतात आणि नवरात्रापर्यंत थांबत नाहीत. दांडिया बाजारातल्या वाड्यात जिन्याखाली, मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये कूलरच्या मागे, वाघोडिया रोडला बंद पडलेल्या रिक्षात, पिल्लं कुठेही निघतात. प्रश्न मात्र तेच. म्हणून ते एका जागी लिहून ठेवलेत. घाईत असाल तर निदान पहिला प्रश्न वाचा, आणि तो वाचून होईपर्यंत पिल्लांना हात लावू नका.

१. जिन्याखाली चार पिल्लं आहेत, सकाळपासून आई दिसली नाही. घरात घेऊ का?

बहुतेक वेळा नाही. आई पोट भरायला गेलेली असते. तुम्ही तिथे उभे आहात तोवर ती येणारही नाही. समोरच्या पत्र्यावर बसून तुम्ही कधी जाता याची वाट बघत असते. पिल्लं एकमेकांवर गोळा होऊन शांत झोपली असतील, पोटं गरगरीत असतील, अंग हाताला उबदार लागत असेल, तर आई येऊन जाते आहे.

खात्री करायची असेल तर पिल्लांच्या जागेभोवती तांदळाच्या पिठीचं पातळ कडं टाका आणि तिथून निघून जा. परत आल्यावर पिठीत पंजे उमटलेले दिसले की झालं. रांगोळी वापरू नका, पंज्यावरून ती चाटली जाते. चार ते सहा तास थांबायला हरकत नाही. पिल्लू गार पडलंय, लाल मुंग्या लागल्यात, रक्त आहे, पाणी चढतंय किंवा पिल्लं एकसारखी टाहो फोडतायत, यापैकी काही असेल तर मात्र लगेच उचला आणि प्रश्न ६ कडे जा.

माझी स्वतःची पहिली ‘सुटका’ म्हणजे निव्वळ चोरी होती. रावपुऱ्यात एका दुकानामागून तीन पिल्लं खोक्यात घालून आणली. रात्री त्याच बोळातून जाताना त्यांची आई दिसली, रिकाम्या गोणपाटावर फेऱ्या मारत होती आणि घशातून एक वेगळीच, खोल हाक देत होती. तसंच घरी जाऊन खोकं परत आणून ठेवलं. दहा मिनिटांत तिघांना एकेक करून मानेला धरून उचलून नेलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

२. पण आमच्या मुलाने हात लावलाय. माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते ना?

नाही टाकत. पिल्लं परत जागेवर ठेवा आणि लांब व्हा. आई पिल्लू सोडते ते बहुधा ते अशक्त असलं किंवा ती स्वतः आजारी असली तर.

३. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. खरं आहे का?

फिरवते हे खरं, सातचा हिशोब मात्र आपला. जागेला वास यायला लागला, पिसवा झाल्या, बोका घुटमळायला लागला किंवा घरातली सगळी मंडळी दर तासाला मोबाइल घेऊन डोकवायला लागली की ती मुक्काम हलवते. तुम्हाला ती तिथेच राहायला हवी असेल तर पाणी आणि खाणं थोडं अंतर राखून ठेवा आणि बघायला जाणं दिवसातून दोनदावर आणा. त्या कोपऱ्यात फिनाइल अजिबात टाकू नका. आईला वासाने पळवून लावतं हा एक भाग. दुसरा म्हणजे त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही.

४. पिल्लू किती दिवसांचं आहे हे कसं ओळखायचं?

डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले आणि बेंबीला वाळलेली नाळ असेल तर चार-पाच दिवसांच्या आतलं. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात, तेव्हा सगळ्यांचेच निळे असतात. ‘निळ्या डोळ्यांचं आहे’ म्हणून फोटो पाठवणाऱ्यांनी जरा दम धरावा, सहा-सात आठवड्यांत रंग बदलतो. तीन आठवड्यांना कान उभे राहतात, पुढचे दात टोचायला लागतात आणि चालणं दारुड्यासारखं असतं. चार आठवड्यांना शेपटी उभी करून धावतं.

याहून भरवशाचा म्हणजे स्वयंपाकघरातला काटा. त्यावर पोळ्यांचा रिकामा डबा ठेवून शून्य करा, आत रुमाल घाला आणि पिल्लू सोडा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, मग आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमची भर. दोन महिन्यांचं पिल्लू पाऊण किलोच्या पुढे असतं. हातावर वाढवत असाल तर रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा. दिवसाला दहा ग्रॅमची वाढ हवी. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष ठेवा. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

५. आई आहे, पिल्लं छान आहेत, आम्हाला एक ठेवायचंय. कधी उचलायचं?

आठ आठवड्यांनंतर. त्याआधी आणलेलं पिल्लू दूध-पावडरवर जगतं, पण चावायचं किती आणि नखं आत कधी घ्यायची हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. एकट्या वाढलेल्या पिल्लांनी ओरबाडलेले पाय बघून सांगते आहे.

यातली मेख अशी की माणसाची सवय लागायचा काळही नेमका दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आईच्या देखतच रोज थोडा वेळ पिल्लांना हाताळायला लागा. आई गुरगुरत असेल तर आधी तिच्याशी सूत जमवा. आणि जमत असेल तर एकाच्या जागी दोन घ्या. रात्री तीन वाजता एकमेकांशी कुस्ती खेळतील, तुमच्या अंगठ्याशी नाही.

६. आई गाडीखाली गेली, पिल्लं आठ-दहा दिवसांची आहेत. आता लगेच काय करू?

दुधाच्या मागे धावू नका. आधी ऊब. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाची आतडी काम करत नाहीत. त्याला पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं किंवा फुप्फुसात जातं. करंगळी तोंडात घालून बघा, आत गार लागलं तर पाजायचं नाही.

बाटलीत कोमट-गरम पाणी भरा, जुन्या सुती साडीच्या दोन-तीन पदरांत गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतानाही एसीच्या खोलीत पिल्लू गारठतं, हे लक्षात राहू द्या. एकदम लुळं पडलं असेल तर ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब हिरडीला चोळा आणि तसंच उबेत धरून डॉक्टरकडे न्या. कुठे दुसरी विलेली मांजर माहीत असेल तर तीही बघा. पुष्कळ माद्या परक्या पिल्लांना निमूट पाजतात, हा सगळ्यात स्वस्त आणि उत्तम इलाज.

७. पिशवीतलं दूध पाणी घालून देतोय, चालेल ना?

नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. त्यात तुम्ही आणखी पाणी घातलंत. शिवाय गाईच्या दुधातल्या लॅक्टोजने जुलाब लागतात, आणि दीडशे ग्रॅमच्या जिवाला एका रात्रीचे जुलाब पुरतात. शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतंच, पावडर मिळेपर्यंत एक-दोन वेळा निभवायला ठीक. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांची दूध-पावडर मिळते, तीच आणा.

एका वेळी १०० ग्रॅम वजनाला सुमारे ४ मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा; दुसऱ्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच. पिल्लू पोटावर असायला हवं, आईला पितं तसं. आपण बाळाला घेतो तसं उताणं धरलंत तर दूध श्वासात जातं. हाताने वाढवलेल्या पिल्लांची न्यूमोनियाने होणारी मरणं बरीचशी यातून येतात. सिरिंजने थेंबथेंब द्या, नाकातून दूध आलं तर थांबा. चार आठवड्यांपासून मऊ खाणं सुरू करता येतं.

८. दूध पितंय पण दोन दिवस शी-शू काहीच नाही.

आई चाटते तेव्हाच त्यांना होते, स्वतःहून करता येत नाही. दर वेळी पाजण्याआधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खाली हलक्या हाताने पुसत राहा. तीन-चार आठवड्यांपर्यंत हे करावं लागतं. शू एक दिवसही झाली नसेल तर दवाखान्यात न्या.

९. अंगभर पिसवा आहेत. कुत्र्याची पावडर घरात आहे, ती लावू?

लावू नका. कुत्र्यांसाठीच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. झटके येतात, जीव जातो. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवा. फारच असतील तर भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्याने मानेखालचं अंग झटपट धुऊन पूर्ण कोरडं करा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषलंय असं समजा आणि फणी ठेवून रिक्षा पकडा.

याच ओघात सांगते: माणसाची पॅरासिटामॉलची गोळी, अर्धीसुद्धा, मांजराला मारते. ताप असला तरी नाही. कपाटातल्या डांबरगोळ्याही दूर ठेवा.

१०. डोळे पिवळ्या चिकटाने बंद झालेत.

कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर डोळ्यावर धरा, चिकटा मऊ झाला की नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसा, दर डोळ्याला नवा कापूस. जोर लावून उघडू नका. बहुतेकदा हा मांजरांचा सर्दीचा विषाणू असतो. डोळ्याचे थेंब डॉक्टरने बघूनच द्यावेत, कारण बुबुळावर जखम असताना स्टिरॉइडचे थेंब घातले तर डोळा जाऊ शकतो. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा.

११. जंताचं औषध आणि लसी कधी?

जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून, दर पंधरा दिवसांनी, वजनावर मोजून. त्रिगुणी लस (पॅनल्यूकोपेनिया हा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग आणि सर्दीचे दोन विषाणू) सहा ते आठ आठवड्यांना सुरू, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. एक टोचून थांबणारे खूप जण आहेत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिली लस निकामी करू शकते, म्हणूनच पुढच्या असतात. रेबीजची तीन महिन्यांना, पुढे वर्षाने पुन्हा.

१२. एवढंसं पिल्लू आहे, जरासं ओरखडलं. इंजेक्शन घ्यायलाच हवं का?

घ्या. रेबीज पिल्लाच्या वयाकडे बघत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण आपल्याला दोन मिनिटं झाली की पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची काही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखान्यात. सयाजी हॉस्पिटलसारख्या सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते. त्वचेत देतात त्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आवर्जून विचारा. पिल्लाला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, पण लस दहा दिवस थांबवायची नाही.

१३. आमच्या घरी अंडंही चालत नाही. दूध-पोळीवर वाढेल का?

वाढल्यासारखं दिसेल. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. कमी पडलं की आधी नजर जाते आणि हृदय सैल पडतं. मांजरांचा तो हृदयरोग टॉरिनअभावी होतो हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. अंडी आणि पनीर यांतून ती गरज भागत नाही.

पोळीत (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत) शेजारी जैन, घरात सोवळं, आणि पिल्लू तर आलंय, असे कितीतरी जण आहेत. त्यातले बहुतेक पिल्लांचं तयार कोरडं खाणं वापरतात. त्यात टॉरिन घातलेलं असतं, घरात काही शिजवावं लागत नाही. डबा गॅलरीत, वाटी वेगळी, हात वेगळ्या साबणाने. एका आजींनी तर त्याला ‘माऊचे शेंगदाणे’ असं नाव देऊन प्रश्नच मिटवला. हेही जमणार नसेल तर मांजर घेऊ नका, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आईची नसबंदी करून दिलीत तरी खूप झालं (प्रश्न १५).

१४. सून गरोदर आहे. पिल्लू काढून टाकू?

काढू नका. भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची आहे, तो शीतून येतो, आणि शी पडल्यापासून बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मातीचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ केला की बराचसा धोका गेला. कच्चं मांस पिल्लाला देऊ नका. कुंडीतल्या मातीत हात घालताना हातमोजे आणि पालेभाजी नीट धुणं, हे मांजर नसलेल्या घरातही पाळायचंच आहे. तिच्या डॉक्टरांना मांजर आहे हे सांगून ठेवा.

१५. पिल्लं देऊन टाकली, पण मनी पुन्हा गाभण दिसतेय. असं कसं?

असंच. मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं, आणि पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. पिल्लं दत्तक देत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पिल्लं स्वतः खायला लागली, सहा ते आठ आठवड्यांची झाली, की आईची शस्त्रक्रिया करून घ्या आणि तिला तिच्याच बोळात परत सोडा. दुसरीकडे नेऊन सोडू नका, तिथल्या मांजरांच्या मारामारीत ती टिकत नाही. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर तिची झालेली आहे, पुन्हा पकडू नका.

शहरातल्या डॉक्टरांचा खर्च झेपत नसेल तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना विचारून बघा. जखमी बेवारस जनावरासाठी गुजरातभर १९६२ हा करुणा अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर आहे.

१६. उतरायणानंतर पिल्लाच्या तोंडातून पतंगाची दोरी लोंबतेय. ओढून काढू?

ओढू नका, अजिबात. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तो आतच सरकतो. त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पोचतं आणि आतडं नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं. वर काच लावलेली दोरी. ओढलीत तर ती आतडं चिरते. लोंबतं टोक तसंच राहू द्या आणि थेट डॉक्टरकडे जा. दोरी दिसत नसली तरी १४-१५ जानेवारीनंतर पिल्लू उलट्या करत असेल, खात नसेल, तर डॉक्टरांना आपणहून दोरीची शंका सांगा.

वासी उतरायण (१५ जानेवारी) संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरची गुंतवळ गोळा करून कात्रीने बारीक तुकडे करून टाका. आमच्या पोळीत हे काम पोरांना लावून दिलंय, दर गुंतवळीमागे एक चिक्की.

१७. पावसाळ्यात पाणी भरलं तर?

२०१९ आणि २०२४, दोन्ही पुरांत आई आपली आपण पिल्लं वर नेत होती. अडायचं ते जिन्याची दारं बंद असल्यामुळे. दार उघडं ठेवा, वरच्या वळणावर एक आडवं खोकं टाका. कमरेएवढ्या पाण्यात पिल्लासाठी उतरू नका. विश्वामित्री नदीचं पाणी आलं की मगरीही येतात.

१८. सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, पोत्यात भरून हायवेला सोडून या.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११: भूक-तहानेने हाल होतील असं जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. विष घालण्याची भाषा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. हे कागदावर लिहून शांतपणे द्या, पण नुसता कायदा दाखवून शेजार टिकत नाही. त्यांची तक्रार बहुधा गाडीवरच्या पंज्यांची आणि कुंडीतल्या घाणीची असते. मागच्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे ठेवा, खाणं ठरल्या वेळी घालून वाटी उचला, नसबंदीच्या तारखा बोर्डावर लावा.

१९. आमचं आधीचं पिल्लू उलट्या-जुलाबाने दोन दिवसांत गेलं. नवीन कधी आणावं?

वर्णन पॅनल्यूकोपेनियाचं वाटतं. तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही. गाद्या-खोकी टाकून द्या, फरशी आधी धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने (एक भाग ब्लीच, ३२ भाग पाणी) दहा मिनिटं ओली ठेवा आणि परत साध्या पाण्याने पुसा. तरीही त्या घरात बिनलसीचं लहान पिल्लू वर्षभर आणू नका. आणायचंच असेल तर सगळे डोस झालेलं, चार-पाच महिन्यांचं आणा.

२०. पिल्लू देताना समोरच्यांना काय विचारता?

गॅलरीला जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांना हवंय का, दिवाळी-मे महिन्यात गावाला जाता तेव्हा कोण बघतं. आणि नाही जमलं तर परत मलाच द्याल का? ‘मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज’ म्हटलं की मी नाही म्हणते.

२१. माळ्यावर पिल्लं आहेत, पण तोंड लांबट आहे आणि शेपटी फारच मोठी. मांजरच ना?

नसावं. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर उदमांजर वितं. तोंड टोकदार, डोळ्याभोवती मुखवट्यासारखा काळा पट्टा, आणि खाली पडलेल्या लेंड्यांत फळांच्या बिया. विश्वामित्रीच्या काठच्या झाडीत रानमांजरही असतं, त्याचे पाय लांब, शेपटी आखूड, टोकाशी काळी कडी आणि कानाच्या टोकाला केसांचा झुपका. दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे, पाळता येत नाही, दत्तक देताही येत नाही. फोटो लांबून काढा, वन विभागाला कळवा, माळ्याचं दार लोटून घ्या आणि फट तेवढी उघडी ठेवा. आई रात्री येते.